नऊ नंबरचे मिक्श्चर समक्ष प्यावे

दुखणे कुठून निघाले हे ठाऊक असल्याशिवाय त्यावर औषध देता येत नाही, हे तत्त्व आमच्या दवाखान्याला पूर्णपणे मान्य होते. महाडातला हा धर्मार्थ दवाखाना. त्याचे नाव सांगत नाही, कारण नाव वापरायला विश्वस्तांची लेखी परवानगी लागते आणि ती मागण्याचे छापील नमुने १९३१ सालीच संपले आहेत. मी, हरी, तिथे कारकून आणि कंपौंडर अशा दोन्ही जागांवर होतो. औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला असे. डॉक्टर वयस्क आणि भले गृहस्थ होते. ते रोग ओळखीत आणि मी तो रकान्यात बसवीत असे.

१९३४ सालच्या मार्गशीर्षात कुडपणचा हैबती आपल्या बायकोला, तुळसाला, डोलीत घालून आमच्या ओट्यावर आला. तिच्या मानेत सुपारीएवढी गाठ होती आणि पाठीपासून कमरेपर्यंत सारखा ठणका. त्या ठणक्याने ती तीन आठवडे धड झोपली नव्हती. हैबतीला एकच गोष्ट हवी होती. तिला झोप लागेल असे औषध. इतकी साधी मागणी घेऊन येणारी माणसे कचेरीच्या कामात फार अडथळा आणतात.

रीतसर जबानी घेतली तेव्हा मागचे सगळे कळले. गाठ दिसली भाद्रपदात. डोंगरातली माणसे, त्यांनी आधी गावदेवीला कौल लावला. सोनबा गुरवाने देवीच्या अंगावर दोन कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. "रोगाचं मूळ घरात हाय काय?" डावी पडली. "शेतात हाय काय?" डावी पडली. "तिच्या माहेरी, वरंधाला हाय काय?" दोन्ही कळ्या एकदम पडल्या. देवी या प्रश्नावर अजून विचार करीत आहे, असे सोनबाचे मत पडले. पण गावकीने दोन कळ्या म्हणजे दुप्पट होकार असे ठरवून वरंधाला निरोप धाडला की तुमचे मूळ तुम्ही घेऊन जा.

वरंधकरांनी उलट निरोप दिला, "पोरगी दिली तवा धडधाकट हुती. बावीस पावसाळे तुमच्या पान्यावर काढल्यावर जे निगालं, ते तुमचंच." मग दोन्ही गावांचे पंच पोलादपुरात बसले. चार दिवस बसले. हैबतीच्या दोन बकऱ्या आणि सगळ्या कोंबड्या संपल्यावर बैठक बेमुदत तहकूब झाली. तुळसाला बोलवायचे मात्र राहून गेले. अशा अडाणीपणाचे मला हसू येते. आमच्या दवाखान्यात असले काही चालत नसे. आमच्याकडे छापील तक्ता होता.

तुळसाचा भाऊ पांडू मुंबईला गिरणीत होता. तो दिवाळीला आला, बहिणीकडे पाहिले आणि म्हणाला, "ये तो सीरियस केस हाय. फिकीर मत करो." होडीने बाणकोट आणि तिथून आगबोटीने त्याने दोघांना मुंबईस नेले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तुळसाला अकरा दिवस तपासले, यंत्रावर उभी करून तिच्या हाडांचे फोटो काढले आणि एक चिठ्ठी देऊन परत पाठवले. चिठ्ठीत लिहिले होते की हा कॅन्सर आहे. मानेतली गाठ ही पसरलेली फांदी आहे. मूळ रोग शरीरात दुसरीकडे आहे, पण तो कुठे ते सापडत नाही. आता शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, तरी गावच्या दवाखान्याने दुखणे कमी होईल असे औषध द्यावे.

आमच्याकडे तसे औषध होते. नऊ नंबरचे मिक्श्चर. त्यात अफूचा अर्क, चव कडूजहर, आणि घेणारा तासाभरात गाढ झोपे. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, गाठीवर बोट ठेवले आणि मला हाक मारली.

"हरी, हिला नऊ नंबर दे."

"मुळाच्या रकान्यात काय लिहू?"

"अज्ञात."

"तक्त्यात अज्ञात नाही. पोट आहे, छाती आहे, मूत्राशय आहे. अज्ञात या अवयवाला किती औंस द्यायचे ते छापलेलं नाही."

"मग मान लिही."

"मूळ मानेत नाही असं मुंबईची चिठ्ठी म्हणते, आणि ती चिठ्ठी आता दप्तरी दाखल झाली."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. पूर्वी एकदा त्यांनी एकच खोकला एका कागदावर घशात आणि दुसऱ्या कागदावर छातीत दाखवला होता. त्यावर विश्वस्तांनी सात महिने खुलासे मागवले. त्या सात महिन्यांत खोकणारा बरा होऊन नोकरीला आफ्रिकेत गेला, पण डॉक्टर पुरते खचले. तेव्हापासून ते रकान्यांना भीत असत.

मी मुंबईच्या विश्वस्तांना लिहिले. तीन आठवड्यांनी उत्तर आले, 'ज्या दुखण्याला मूळ नाही ते दुखणे निराधार समजावे. मात्र स्थानिक समिती नेमून मूळ निश्चित करून घेण्यास हरकत नाही.' इतके स्वच्छ मराठी हल्ली वाचायला मिळत नाही.

हे तीन आठवडे हैबती आणि तुळसा महाडातच राहिले. कुडपणच्या एका ओळखीच्या माणसाने आपली पडवी दिली होती. सकाळ झाली की हैबती तिला पाठुंगळी घेऊन आमच्या ओट्यावर आणून बसवी. स्वयंपाकपाणी, धुणीभांडी सारे तोच करी. सावित्री नदीवर बायकोचे लुगडे धुताना त्याला गावच्या लोकांनी पाहिले आणि विचारले, "हैबती, बायको झालास काय रे?" तो म्हणाला, "हां. ती बरी झाली की परत बाप्या हुतो." धुणे मात्र त्याने थांबवले नाही.

भाकरी त्याला जमत नसे. आमच्या ओट्यावरच्या भिंतीला तालुक्याचा नकाशा टांगलेला होता. एकदा त्याची नाचणीची भाकरी पाहून मी सहज म्हटले की आकार थेट महाड तालुक्याचा आला आहे. तुळसाने नकाशाकडे पाहिले, मला विचारून पोलादपूर कोणत्या कोपऱ्यात ते समजून घेतले आणि तेवढाच तुकडा मोडला. "माजं यवडंच. उरलेला तालुका तुमी खा," ती नवऱ्याला म्हणाली. तो तालुका खाऊ लागला. ओट्यावर खाण्यास बंदी आहे हे मी त्या दिवशी सांगायला विसरलो.

समिती नेमली. अध्यक्ष रघुवीर वकील. हे आमचे स्थानिक विश्वस्त. सभासद चारुशीलाबाई, या महिला मंडळाच्या चिटणीस. मी लेखनिक. डॉक्टरांना घेतले नाही, कारण मूळ सापडत नाही असे त्यांचे आधीच मत झालेले होते आणि समितीला मोकळ्या मनाची माणसे हवी होती.

चारुशीलाबाईंचा त्या वर्षी चहाविरुद्ध प्रचार चालला होता. त्यांनी थेट विचारले, "चहा किती घेतेस?"

"मी चा कंदी प्यालीच नाय, बाय."

"कधीच नाही?" चारुशीलाबाई विचारात पडल्या. "मग घरात कुणी घेत असेल. वाफ लागली असेल."

"आमच्या वाडीत चा नाय. दूदच पुरत नाय."

वकीलसाहेबांनी उलटतपासणी सुरू केली. "लग्नाच्या पहिल्या वर्षी, आषाढात, काय खाल्लं होतंस?"

"जे मिळालं ते."

"नीट आठव. सत्य सांग."

"आषाडात आमच्याकडं काय मिळतंय, वकीलसाब? उपास मिळतो."

'उपवास' असे मी नोंदवले. त्यावर वकीलसाहेब म्हणाले की मूळ पोटात असणार. त्यांचे स्वतःचे पोट वीस वर्षे बिघडलेले होते आणि इतर अवयवांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. चारुशीलाबाईंनी चहाचा आग्रह सोडला नाही. मते समसमान झाली. अध्यक्षांना जादा मत असते, पण आपण ते स्वतःच्याच बाजूने वापरणे पक्षपाताचे होईल, असे वकीलसाहेबांना वाटले. मग सगळ्यांनी चहा घेतला आणि ठराव झाला: 'रोगिणीने आपले मूळ पंधरा दिवसांत स्वतः हजर करावे, अन्यथा प्रकरण बंद समजण्यात येईल.'

ठराव मी ओट्यावर जाऊन वाचून दाखवला. तुळसा भिंतीला टेकून बसली होती. तिचे ओठ दातांखाली होते. हैबतीने सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "भाऊसाब, ज्याचं मूळ सापडलंय, त्याला औषद कदी मिळतं?"

"ताबडतोब."

"मंग माज्या पोटात दुखतंय."

"तुझ्या?"

"हां. बेंबीच्या डाव्या अंगाला, दोन बोटं. हितं. मूळ हितंच हाय, कुटं गेलं नाय."

असा रोगी वर्षातून एखादा भेटतो. मी दीड मिनिटात रकाने भरले. डॉक्टरांनी हैबतीच्या पोटाला हात लावला, मग त्याच्या तोंडाकडे पाहिले, मग ओट्यावरच्या तुळसाकडे पाहिले आणि खाली मान घालून सही केली. मी कपाट उघडून मापाचा पेला भरला. हैबती तो घेऊन ओट्याकडे वळला, तेव्हा मला नियम दाखवावा लागला. नऊ नंबरचे मिक्श्चर समक्ष प्यावे. पूर्वी लोक ते घरी नेऊन बैलाला पाजत आणि बाजारात तो गरीब बैल म्हणून विकत.

हैबतीने एकदा पेल्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. मग तो प्याला.

पाऊण तासात तो ओट्यावर आडवा झाला आणि घोरू लागला. दुपार झाली, तिन्हीसांज झाली, हा घोरतोच आहे. तुळसा त्याच्या उशाशी बसून पदराने माश्या वारत होती. ओट्यावर घोरण्यास बंदी आहे हे सांगायला मी गेलो.

"घोरू द्या, भाऊसाब," ती म्हणाली. "बावीस वर्सांत दुपारचा कंदी आडवा झाला नाय मानूस. औषद गुनाचं हाय." आणि ती हसली. चांगली खळखळून हसली. मग हसताना पाठीत कळ आली म्हणून एका हाताने कंबर दाबून धरली, तरी दुसऱ्या हाताने वारणे चालूच होते. मला वाईट वाटले. वाईट वाटण्याविषयी नियमावलीत काहीच नाही, म्हणून मी आत येऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी हैबती पुन्हा आला. पेला तोंडाला लावला, रिकामा करून परत दिला. त्याचे दोन्ही गाल दाताला सूज आल्यासारखे फुगलेले होते.

"प्यालास?" मी विचारले. नियमाप्रमाणे याची तोंडी कबुली लागते.

त्याने मान हलवली.

आता मान हलवणे ही तोंडी कबुली होते काय, हा प्रश्न मी पूर्वी कधी विचारात घेतलेला नव्हता. मी विचार केला. मान हलते तेव्हा डोके हलते. डोके हलते तेव्हा त्यातले तोंडही हलते. सबब कबुली तोंडी आहे. तसा निर्णय मी वहीत लिहून ठेवला. हैबती बाहेर गेला, ओट्याच्या आडोशाला एक करवंटी ठेवलेली होती, ती तोंडाशी नेली आणि मग तुळसाच्या ओठांना लावली. खिडकीतून हे दिसते, पण खिडकीबाहेरचे माझ्या कक्षेत येत नाही. त्या दुपारी तुळसा साडेतीन तास झोपली. हैबती शेजारी बसून राहिला, गाल आतून सोलून निघाल्यासारखे तोंड करून.

हे रोज चालले. थोडे त्याच्याही पोटात जाई, म्हणून तो दिवसभर जांभया देई आणि भाकऱ्यांचे नकाशे आणखी बिघडत. त्याच सुमारास पेला भरताना माझा हात कापू लागला आणि माप जरा वर जाऊ लागले. वयाचा परिणाम. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो.

फाल्गुनात मुंबईहून मुख्य विश्वस्त शेटजी पाहणीसाठी आले. वकीलसाहेबांना एखादा आदर्श रोगी दाखवायचा होता. वह्या चाळताना त्यांना हैबती सापडला. मूळ निश्चित, हजेरी रोजची, तक्रार शून्य. समारंभ दुपारी तीनचा ठरला आणि हैबतीच्या मात्रेची वेळही तीनचीच. शेटजींनी स्वतःच्या हाताने पेला दिला. हैबतीने तो तोंडात रिकामा केला आणि ओट्याकडे निघाला, तो वकीलसाहेबांनी त्याच्या दंडाला धरून त्याला खुर्चीवर बसवले.

मग भाषणे झाली. वकीलसाहेब पंचवीस मिनिटे बोलले. चारुशीलाबाईंनी चहा आणि राष्ट्र यांचा संबंध उलगडला. हैबतीचे गाल फुगलेले, कपाळावर घाम, आणि त्या कडूजहराने डोळ्यांतून पाण्याच्या धारा. शेटजी हळूच म्हणाले, "किती कृतज्ञ माणूस आहे." बाहेर तुळसा खिडकीचा गज धरून उभी होती. तिचा ठणका नेहमी तीनच्या सुमारास वाढे आणि आता चार वाजत आले होते.

"आता हैबती दोन शब्द बोलेल," वकीलसाहेब म्हणाले.

हैबती उभा राहिला. बोलला नाही.

"बोल, बोल. भिऊ नकोस. इथं आपलीच माणसं आहेत."

त्याने माझ्याकडे पाहिले. मी नोकरीच्या अकरा वर्षांत एकही गोष्ट नियमाबाहेर केली नव्हती आणि त्या दिवशीही केली नाही. मी फक्त नियम केला. उठून म्हणालो, "माफी असावी. नऊ नंबर घेतल्यावर रोग्याने तासभर मौन पाळावे, असा नियम आहे. कलम सतरा, पोटकलम आ."

नियमावली कोणीच वाचलेली नव्हती, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. शेटजी इतके खूष झाले की त्यांनी हैबतीच्या गळ्यात हार घातला, सभा तिथेच संपवली आणि तो नियम मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावण्याचा हुकूम दिला. हैबती हारासकट धावत बाहेर गेला. त्या दिवशी तुळसा जरा उशिरा झोपली, पण झोपली.

नियम छापून भिंतीवर लागला आणि त्याचा परिणाम कोणाच्या कल्पनेतही नव्हता असा झाला. ज्यांच्या दुखण्याचे मूळ सापडत नाही अशी माणसे त्या तालुक्यात बरीच होती आणि ती आजवर घरीच विव्हळत पडलेली होती. त्या प्रत्येकाच्या घरून आता एकेक धडधाकट मनुष्य येऊ लागला. कोणी छाती दाखवी, कोणी मूत्राशय. नऊ नंबरचे रोगी चार होते, ते चाळीस झाले. आपसात वाद घातलेले कुडपणचे आणि वरंधचे पंचसुद्धा एकाच रांगेत फुगलेल्या गालांनी उभे असत आणि कोणीच कोणाशी बोलत नसे. महाडातला सर्वांत शांत दवाखाना म्हणून आमची ख्याती झाली. त्या सालच्या वार्षिक अहवालात मी स्वतःच्या हाताने लिहिले: 'मूळ अज्ञात असलेले रोगी: एकही नाही. या प्रकारच्या रोगाचे दवाखान्याच्या हद्दीतून समूळ उच्चाटन झाले आहे.' शेटजींनी या कार्याबद्दल वकीलसाहेबांचा सत्कार केला. डॉक्टरांना सत्काराचे निमंत्रण नजरचुकीने गेले नाही.

चैत्रात एका सकाळी हैबती एकटाच आला. पाठ रिकामी होती. टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "भाऊसाब, माजं नाव काडा. माजं पोट बरं झालं."

मी वही उघडली. 'बरा झाला' असे लिहिताना माझा हात खरोखरच कापला. नऊ नंबर घेऊन बरा झालेला तो आमचा पहिला रोगी. नंतर, काहीतरी बोलायला हवे म्हणून, मी विचारले, "शेवटी मूळ सापडलं का रे?"

"नाय सापडलं," तो म्हणाला. "पन झोपायची, भाऊसाब. रोज दुपारची झोपायची. जायच्या दिवशी बी झोपली हुती, गालाखाली हात घेऊन, पोरीवानी. कोनी इचारलं तर सांगा." आणि पायऱ्या उतरून तो गेला.

पुढे नोकरी संपली, तरी ही हकीकत मी अनेकांना सांगितली आहे. डॉक्टर मंडळींना, वकिलांना, शेजाऱ्यांना, एकदा कीर्तनाला आलेल्या बुवांना. सगळ्यांनी मन लावून ऐकली, सगळे पोट धरून हसले आणि शेवटी सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला. मग मूळ कुठे होते? तुम्हीही तोच विचारण्याच्या बेतात आहात, म्हणून आधीच सांगतो की ते मला ठाऊक नाही. ती कशी झोपत असे ते मात्र मी सांगू शकेन. त्यासाठी अजून कोणी आलेले नाही.